काळ्या कोंबड्याचा मान

८ सप्टेंबर २०२४
काल गणपती बसले आणि आज काशीराम भावजींनी माझं डोकं फिरवलं. माझे चुलत दीर, आणि सध्या देवळाच्या मंडळाचे अध्यक्ष. आरती झाल्यावर सगळ्यांच्या देखत म्हणाले, "वयनी, देवीच्या पालखीपुढं चार वर्सं कोंबडा नाय. या चैतात तुज्या घरचा काळा कोंबडा आला नाय, तं मंडळ बाजारातून आणंल. मग तुज्या घरचा मान संपला म्हून समज."

हातातला मोदक ताटात ठेवला आणि उठून घरी आले. रागात असले की मी लिहिते. पोस्टात असतानाची सवय आहे, साहेबाला तोंडावर बोलता यायचं नाही म्हणून लागलेली.

गावदेवीच्या चैत्राच्या पालखीपुढे काळा कोंबडा घेऊन चालायचा मान आमच्या घराचा. कोंबडा कापत नाहीत. देवळापाशी सोडतात, तो मग देवीचा. त्याच्या अंगावर दुसऱ्या रंगाचं पीस नको. तो आमच्याच घरच्या कोंबडीखाली फुटलेला आणि आमच्याच घरच्या दाण्यावर वाढलेला हवा. जुन्या गावात यात कसली अडचण? अंगणभर कोंबड्या होत्या. मग विमानतळासाठी गाव उठलं, आम्ही सगळे उलव्याकडच्या या प्लॉटांवर आलो, तेव्हा कोंबड्या मी बहिणीला, शशिकलाला देऊन टाकल्या. आणि दोन वर्षांपूर्वी हे गेले. आता तीन मजली सिमेंटच्या घरात कोंबडा कोण पाळणार?

मी पाळणार. आणखी कोण?

भावजींना काय, त्यांना हेच हवं असेल. गाव सोडायला हे शेवटपर्यंत तयार नव्हते आणि भावजींनी सगळ्यांत आधी सामान टेम्पोत घातलं. त्या दिवसापासून ह्यांनी भावाशी बोलणं टाकलं. ह्यांनी टाकलेलं मी कशाला उचलू?

रंजिता, माझी सून, संध्याकाळी घरी आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, दोन वर्षांत आज पहिल्यांदा तुम्ही चिडलात." आणि हसली. यात हसण्यासारखं काय आहे ते तिलाच ठाऊक.

१५ सप्टेंबर
शशिकलाकडे उरणला जाऊन आले. तिच्याकडे आमच्याच कोंबड्यांच्या नाती आहेत. सगळ्या काळ्या कुळकुळीत, बघून डोळे निवले. पण कोंबडा? चुलीतल्या राखेच्या रंगाचा!

"काळा व्हता त्याला मुंगसानं न्हेला," शशिकला म्हणाली. "मंग यो कुटून तरी आला नि ऱ्हायला. घरजावई."

आमच्या काळ्या कोंबड्यांना राखी घरजावई! पण दुसरा इलाज नाही. अंडी घेतली, डब्यात भाताचं तूस घालून बसमध्ये मांडीवर धरून आणली. शेजारचा माणूस विचारत होता, डब्यात काय आहे. म्हटलं, देवीचं काम आहे. तो सरकून बसला.

२२ सप्टेंबर
पनवेलच्या बाजारात शुक्री भाजी आणि अंडी घेऊन बसते, तिच्याकडून खुडूक बसलेली कोंबडी आणली. चांगली तांबडी, रागीट. गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली जागा केली आणि तिच्याखाली अंडी ठेवली. शेजारणी म्हणाल्या, पितृपक्षात असलं काही सुरू करू नये. मी म्हटलं, माझा पितर वरून बघतोय, तोच करून घेतोय.

असं बोलले खरं, पण नंतर टाकीशी बसून पोटभर रडले. कोंबडीने एकदा डोळा उघडून बघितलं आणि पुन्हा मिटला.

१३ ऑक्टोबर
फुटली! काल दसरा झाला आणि आज पहाटेपासून टाकीखाली चिवचिव. दुपारपर्यंत अकरा पिल्लं बाहेर आली.

आता जे खरं ते लिहिते. एकही काळं नाही. निम्मी बापावर गेलेली, राखी. आणि निम्मी म्हणजे काय तो अवतार! पाठ काळी, पण गळा, पोट आणि पंखांची टोकं पांढरी-पिवळी. शाळेच्या युनिफॉर्मवर शाई सांडावी तशी. रंजिता म्हणते गोड दिसतात. गोड दिसून काय करायचंय? देवीला काबरा कोंबडा चालत नाही.

रात्री जेवण गेलं नाही.

२० ऑक्टोबर
विचार करून एक गोष्ट ठरवली. राखी पिल्लं निदान एकरंगी तरी आहेत. माणसाचं पोर जन्मतं तेव्हा किती गोरं असतं, मग उन्हातान्हात हिंडून आपल्या वळणावर जातं. आमचा परेश जन्मला तेव्हा दुधासारखा होता, आता जहाजावरून फोटो पाठवतो तर दात तेवढे ओळखू येतात. तशी ही राखी वाढता वाढता काळी होतील. काबऱ्याचं मात्र काही होत नसतं. पांढरं पोट घेऊन जन्मलं ते पांढऱ्या पोटानेच जाणार.

गच्चीवर सगळ्यांना जागा नाही, म्हणून काबरी काढायची ठरवली. तेवढ्यात भावजी जिन्यात उभे. बोलावलं नव्हतं.

"काबरी देतेस क मला? मागं जागा हाय माज्याकडं."

"न्या की," मी म्हटलं. "गटारीला होतील तुमाला."

सगळी काबरी टोपलीत घालून दिली. मनात म्हटलं, घ्या, तुमच्या वाट्याला हीच. जाताना ते टोपलीवर पदरासारखा टॉवेल धरून गेले, ऊन लागू नये म्हणून. नाटकं!

२ नोव्हेंबर
दिवाळी. परेशचा फोन आला, आवाज तुटत होता. राखी पिल्लांना पंख आले आहेत. अजून राखीच आहेत, पण मला वाटतं मानेपाशी रंग गडद होतोय. रंजिताला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हो, थोडासा." ती खोटं बोलली की खालचा ओठ चावते. आज चावला होता का ते अंधारात दिसलं नाही.

२४ नोव्हेंबर
रंजिताने मला गावठी कोंबडी पाळणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपात घातलं. तिथे माझ्या राखी पिल्लांचा फोटो टाकला तर पन्नास जणांनी अंगठे दिले आणि लिहिलं, "काकी, ब्लू आहेत! मस्त ब्लू!"

ब्लू? निळं काय आहे यात? राखाडीला निळं म्हणतात, आणि पांढऱ्यावर राखी शिंतोडे असले तर त्याला स्प्लॅश म्हणतात. हे कळायला मला एक आख्खी सकाळ लागली. आमच्याकडे काळा, तांबडा, राखी, पिवळा, काबरा एवढ्या नावांत सगळं गाव बसायचं. हे लोक उद्या कावळ्यालाही डार्क ब्लू म्हणतील.

त्यातला एक शहाणा विचारतो, आईबाप कोणते? मी लिहिलं, आई काळी, बाप राखी. तो लिहितो, "मग निम्मी काळी निघाली असतील, निम्मी ब्लू."

निम्मी काळी! माझ्याकडे एक पीसही काळं नाही आणि हा घरबसल्या गणित मांडतोय. ग्रुप म्यूट केला.

१५ डिसेंबर
भावजी आले होते. मी गच्चीवर, तर खालूनच हाक मारली, "वयनी, जरा येतेस क माज्याकडं? एक दाखवायचं हाय."

मला माहीत आहे काय दाखवायचं आहे. बाजारातल्या कोंबडेवाल्याला सांगून ठेवलं असेल, तो कोंबडा दाखवणार. "हात भरलेत माजे," म्हणून मी तिथेच बसले. थोडा वेळ उभे राहिले आणि गेले.

रंजिता म्हणाली, "आई, एकदा जाऊन या ना काकांकडे." ही दर रविवारी तिकडे डबा घेऊन जाते. बायको गेल्यापासून भावजी एकटे असतात, म्हणून मी अडवत नाही. पण माझ्यामागे लागायचं काम नाही.

१४ जानेवारी २०२५
संक्रांत. भावजी तीळगूळ घेऊन आले. दारातच घेतला, दारातच दिला. ते म्हणाले, "वयनी, त्या पिल्लांचं सांगायचं व्हतं..." मी म्हटलं, "खाल्लीत ना? बरं झालं." आणि दूध उतू जातंय म्हणून आत गेले. दूध गॅसवर नव्हतं.

आणखी एक. तांदळाच्या कण्यांचा डबा फार लवकर रिकामा होतोय. एवढ्याशा कोंबड्या आणि इतक्या कण्या कुठे जातात? चिमण्या शिरत असाव्यात. रंजिताला सांगितलं तर म्हणाली, "हो, मीही चिमण्या बघितल्या," आणि ओठ चावला.

९ फेब्रुवारी
राखी कोंबडा आरवायला लागला. आवाज असा खणखणीत की पार खाडीपलीकडे जावा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी चहा गाळत होते, गाळणी हातातच राहिली. गाव सोडल्यापासून घरात असा आवाज नव्हता.

दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू कुंदन कळंबोलीत ट्रक टर्मिनलवर रात्रपाळी करतो. तो डोळे चोळत वर आला. "काकी, हा अलार्म बंद कुठून करायचा?" मी त्याला चहा दिला. चहा पिऊन तो कोंबड्याकडे बघत बसला आणि म्हणाला, "दिसायला मात्र हिरो आहे." खरंच आहे. प्रत्येक पिसाला काजळाची बारीक कड. पण कड काळी असून भागत नाही. मधलं सगळं राखी ते राखीच.

आता स्वतःला फसवण्यात अर्थ नाही. हा काळा होणार नाही. मी चुकले. कुठे चुकले तेही कळत नाही.

२३ फेब्रुवारी
लिहायलाही लाज वाटते. आज दुकानातून केसांची काळी डाय आणली. माझे केस मी कधी रंगवले नाहीत, त्यामुळे दुकानदाराने दोनदा विचारलं.

दुपारी दार लावून कोंबडा मांडीवर घेतला. शेपटीच्या एका पिसाला ब्रशने लावून बघितलं. छान बसला रंग. सगळा रंगवला असता तर पालखी होईपर्यंत कुणाच्या बापाला कळलं नसतं. कोंबडा गप्प बसला होता, अगदी विश्वासाने, डोळे अर्धे मिटून. मला एकदम ह्यांची आठवण झाली. दवाखान्यात हेही असेच माझ्या हातून औषध घ्यायचे, काय आहे ते न विचारता.

डाय मोरीत ओतली. ते एक पीस तेवढं काळं राहिलं आहे.

मान गेला तर जाऊ दे. पण हे असताना ज्या घराने पालखीपुढे कोंबडा नेला, त्या घरातून मी रंगवलेला कोंबडा काढणार नाही.

१६ मार्च
होळी झाली. मंडळाचा निरोप आला की कोंबड्याचं काय ते कळवा. निरोप घेऊन मंडळातला शैलेश आला होता, तो नजर चुकवत होता. रंजिता सकाळी एवढंच म्हणाली, "नाही म्हणायचं असेल तर फोनवर नका म्हणू, आई. जाऊन सांगा."

तेवढं खरं. मान सोडायचा तर तोंडावर सोडावा. दुपारी साडी बदलून भावजींच्या घरी गेले. गाव हलल्यानंतर पहिल्यांदा.

दार उघडं होतं. हाक मारली, तर मागच्या बाजूने आवाज आला, "इकडं ये." मागे पत्र्याचं छप्पर आणि जाळी. जाळीत चार काळ्या कोंबड्या आणि एक कोंबडा.

काळा. शेपटी काळी, छाती काळी, पंखांच्या टोकांपर्यंत काळा. उन्हात हिरवी झाक मारत होती, शशिकलाच्या कोंबड्यांना मारते तशी. मी त्याला पोटाखालून बघायला खाली बसले. एक पांढरं पीस नाही.

"यो कुटला?" मी विचारलं.

"तुजाच. टोपलीत घालून दिलास ना."

"ती काबरी व्हती!"

"व्हती. मार्गशीर्षात पांढरं सगळं झडलं नि काळं आलं. मलाबी ठाव नव्हतं. तुला सांगाया तीनदा आलू."

मी तशीच जमिनीवर बसून राहिले. तीनदा आले होते. एकदा माझे हात भरलेले होते, एकदा दूध उतू जात होतं. तिसऱ्या वेळचं मला आठवतही नाही, बहुतेक दारच उघडलं नसेल. आणि मी काय शहाणपणा केला! जी काळी होणार होती ती सगळी टोपलीत भरून हाकलली, आणि जी जन्मात काळी व्हायची नाहीत ती निवडून, गोंजारून वाढवली.

मग देवीची दाण्याची अट आठवली. "पण भावजी, वाढला तुमच्या दाण्यावर. आमच्या घरचा कसा म्हनू? देवीपुढं खोटं नाय बोलनार मी."

ते हसले. आत जाऊन एक डबा घेऊन आले आणि झाकण काढलं. तांदळाच्या कण्या. आमच्या रंजिताचा स्टीलचा डबा, झाकणावर परेशचं नाव कोरलेला, लग्नातला.

"तुजी सून दर आयतवारी आनते. डिसंबरापासून आमच्या घरचा दाना मी त्याला दावलापन नाय. त्याआधी तं सगळी मागं किडं-मुंग्या टिपूनच वाढली."

रात्री रंजिताला फैलावर घेतलं. "तुला माहीत होतं? तीन महिने? आणि मी इकडे डाय आणेपर्यंत गेले!"

ती भांडी पुसत म्हणाली, "मी सांगितलं असतं तर तुम्ही माणूस पाठवून कोंबडा मागवला असता. काकांकडे गेला नसतात."

हल्लीच्या मुली फार पुढच्या आहेत. पण चहा मात्र तिला मी करून दिला.

२३ मार्च
कोंबडा अजून भावजींकडेच ठेवला आहे, जाळी चांगली आहे म्हणून. रोज सकाळी कण्या घेऊन मी जाते. आज ते म्हणाले, "गाव सोडला तवा मी पयला का गेलू, दादानं कधी इचारलं नाय." मी म्हटलं, "मी इचारते." तर म्हणाले, शारदेला, म्हणजे त्यांच्या बायकोला, तेव्हा डायलिसिस सुरू झालं होतं आणि जुन्या गावातून पावसाळ्यात रिक्षा निघत नव्हती. ह्यांना ते सांगायला गेले होते. ह्यांनी दार लावून घेतलं.

आमच्या घराला दारं लावायची फार हौस.

५ एप्रिल
नवीन अडचण. कोंबडा झाला, पण धरून चालणार कोण? मान घरच्या पुरुषाचा. परेश जूनपर्यंत जहाजावर. शैलेशची आई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, कुंकू नसलेल्या बाईनं पालखीपुढं चालायचं नसतं. मलाही लहानपणापासून तेच शिकवलं आहे.

माझं ठरलं. भावजींच्या हातात द्यायचा. त्यांचं घराणं धाकट्या पातीचं, त्यांच्या बापाने, आज्याने कधी कोंबडा धरलेला नाही. पण वाढवला त्यांनी. माझ्या मनाला पटतं.

१२ एप्रिल
पालखी झाली. सगळं लिहून मगच झोपते.

संध्याकाळी देवळापुढे माणसं जमली. बेंजोवाले तयार, पालखी खांद्यावर घ्यायची तेवढी बाकी. कोंबड्याला हळद लावून मी छातीशी धरून आणला. त्याचं काळीज तळहाताखाली थडथड उडत होतं. म्हातारी माणसं पुढे येऊन त्याला बघत होती. एकाने पंख उचलून आतून तपासला आणि हात जोडले.

मी सरळ भावजींसमोर गेले. म्हटलं, "धरा."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"भावजी, धरा. मुहूर्त चाललाय."

"नाय."

"अवो, तुमी वाढवलाय त्याला!"

"वाढवला म्हून काय झालं? मान तुज्या घरचा. त्या घरात आज तू हायस. तू चाल."

मागे कुजबूज झाली. शैलेश मध्ये पडला, "काका, तसा पायंडा नाय..." भावजी त्याच्याकडे वळलेसुद्धा नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "कोंबडा नव्हता तवा चार वर्सं देवी बिनमानाची निघाली, तवा कुनी पायंडा काढला नाय. आज ज्याला अडचन हाय त्यानं घरी बसावं. वयनी पुढं झाल्याबिगर मी पालखीला खांदा देनार नाय."

मी रंजिताकडे बघितलं. ती रडत होती आणि मान हलवून "चला" म्हणत होती. तेवढ्यात शैलेशच्या आईनेच, त्याच आईने, माझा पदर सारखा केला आणि म्हणाली, "जा बाई. तो पंख मारतोय, घट्ट धर."

भावजी पालखीखाली गेले. खांदा दिला. मी पुढे झाले.

या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून दर चैत्रात मी पालखीच्या मागून चालले, बायकांच्या घोळक्यात, पुढच्यांच्या पाठी बघत. पुढे हे असायचे, त्यांचं डोकं तेवढं अधूनमधून दिसायचं. पुढून देवीचा रस्ता कसा दिसतो ते मला माहीतच नव्हतं. आज बघितला. दोन्ही बाजूंना बिल्डिंगा, गॅलऱ्यांतून माणसं हात जोडून उभी, आणि मधे रस्ता. माझ्यापुढे कुणीच नव्हतं.